घरट्यासमोरची पानं

“सर, या घरट्यासमोरची पानं कुठं गेली?”

मित्रांनो, हा प्रश्न विचारणाऱ्या मुलीच्या गळ्यात मी लटकत होतो. त्यामुळे तिच्या छातीतली धडधड मला अगदी जवळून ऐकू आली. ती भीतीची धडधड नव्हती, जिंकायच्या घाईची होती. मैत्रिणींनी तिला डिवचलं होतं, की हिंमत असेल तर सर्वांसमोर विचारून दाखव. तिला पक्की खात्री होती, की सर हसतील, म्हणतील, कसली पानं, आणि मैत्रिणींची तोंडं बंद होतील.

सर हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि आधी फोटोकडे, मग माझ्याकडे पाहिलं.

माझ्याकडे पाहण्याचं कारण होतं. तो फोटो मीच काढलेला होता.

तर आधी माझी ओळख. मी आहे कॅमेरा. जुना, रीळवाला, हातात घेतला की मनगट दुखेल इतका वजनदार. आजकालची मुलं मला उचलतात, माझी पाठ चाचपतात आणि विचारतात, याची स्क्रीन कुठं आहे? बाळांनो, मला स्क्रीन नाही. माझा पडदा आत असतो, तो डोळ्याची पापणी लवायच्या आत उघडतो आणि मिटतो, आणि तेवढ्या वेळात समोर जे असेल ते मी कायमचं धरून ठेवतो. फोटो बिघडला तर पुसायची सोय माझ्याकडे नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

माझा जन्म रशियातला. माझ्या कपाळावर अजून तिकडची अक्षरं कोरलेली आहेत. तिथून एका इंजिनिअर साहेबांच्या पेटीत, लोकरीच्या मोज्यांमध्ये गुंडाळून मी भिलाईला आलो. साहेबांचं नाव विक्तर. पोलाद कारखाना उभा राहिला तेव्हा तिकडचे पुष्कळ इंजिनिअर इथे राहायचे, त्यांतले ते एक. बर्फात जन्मलेला मी, आणि पहिल्याच उन्हाळ्यात भिलाईच्या मे महिन्यात पडलो. माझं चामडं तेव्हाच एका कोपऱ्यातून सुटलं, ते आजतागायत नीट चिकटलेलं नाही.

कारखान्यात माझं काम मोठं होतं, मित्रांनो. वाघ-सिंहांचे नव्हे, मी चिरांचे फोटो काढायचो. पोलाद दिसायला पक्कं दिसतं, पण त्यात केसासारखी बारीक चीर पडली की एक दिवस ते दगा देतं. ती चीर शोधायची, तिचा फोटो काढायचा, वर पाठवायचा. विक्तर साहेबांच्या हाताखाली एक बावीस वर्षांचा तरुण होता, भंडाऱ्याकडच्या गावातून आलेला. त्याचं नाव प्रेमानंद. साहेबांना मराठी येत नव्हतं, प्रेमानंदला रशियन येत नव्हतं, आणि दोघांना मिळून हिंदीचे पंचवीसेक शब्द येत होते. पण कामाची रीत ठरलेली होती, तिला भाषा लागत नव्हती. आधी तारेच्या ब्रशने काजळी खरवडायची. मग रॉकेलच्या चिंधीने पुसायचं. समोर वायर, दोरी, पाइप, जे काही आडवं येत असेल ते बाजूला करायचं. खडूने बाण काढायचा. मग साहेब विचारायचे, “चिस्ता?” म्हणजे साफ झालं का? प्रेमानंद म्हणायचा, “चिस्ता, साहेब.” मग खटका.

एकदा असंच एका क्रेनचा हूक साफ करताना प्रेमानंदला चीर दिसली. माझ्या फोटोत ती काळ्या केसासारखी स्पष्ट आली. हूक त्याच दिवशी उतरवला. त्या हुकाखाली रोज अकरा माणसं काम करायची. त्या दिवशी प्रेमानंदच्या पाठीवर इतक्या थापा पडल्या, की मी त्याच्या गळ्यात उड्या मारत होतो. साफ कर, मोकळं कर, मग खटका दाब. त्या रीतीने अकरा माणसं वाचवली होती. ती चुकीची कशी असेल?

पुढे विक्तर साहेब मायदेशी परतले. निघताना त्यांनी मला प्रेमानंदच्या हातात ठेवलं, त्याची मूठ माझ्यावर मिटवली आणि एकच शब्द बोलले. तुम्हाला तो आता ठाऊक आहे.

मग माझे घरचे दिवस सुरू झाले. लग्नं, बारशी, विहारातली पौर्णिमा, धम्मचक्र दिनाला पांढऱ्या साडीत उभी असलेली प्रेमानंदची बायको रुक्मा, सगळं मी टिपलं. आणि साप्ताहिक सुटीला प्रेमानंद मला सायकलच्या हँडलला अडकवून उतईकडे निघायचा. तिकडे शेतं, नाले, गर्द झाडं. त्याला पक्ष्यांचं वेड लागलं होतं. दिवसभर काळं पोलाद पाहणाऱ्या माणसाला रंग पाहायची भूक लागत असावी. गंमत म्हणजे माझ्यात रीळ असायची काळी-पांढरी.

आता मला तो दिवस सांगावा लागेल. सांगतो.

मे महिना होता. नाल्याच्या काठी करंजाच्या झाडावर, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर, दूधराजचं घरटं होतं. दूधराज तुम्ही पाहिलाय का? नर असतो बुलबुलाएवढाच, पण शुभ्र, आणि शेपटीला हातभर लांब दोन पांढऱ्या रिबिनी. तो घरट्यात बसला की रिबिनी खाली लोंबतात. घरटं म्हणजे चहाच्या कपाएवढं. आत तीन पिल्लं. आणि भोवती करंजाची हिरवीगार, दाट पानं.

माझ्याकडे लांबचं भिंग नव्हतं. जवळ जावं लागायचं. जवळ गेलो तर पानंच पानं. प्रेमानंदने डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. मग त्याने पिशवीतून रुक्माची कापड कापायची कात्री काढली.

मित्रांनो, तो दुष्ट नव्हता. त्याने घरट्याला बोटही लावलं नाही. त्याने फक्त रीत पाळली. चार डहाळ्या, तिरप्या, कच कच कच कच. समोर मोकळं झालं. ऊन थेट घरट्यावर पडलं आणि फोटोसाठी प्रकाश काय सुंदर झाला. थोड्या वेळाने दूधराज परत आला, बसला, रिबिनी खाली सोडल्या. प्रेमानंद ओठातल्या ओठात पुटपुटला, “चिस्ता.” आणि मी माझा खटका वाजवला. माझ्या आयुष्यातला सर्वांत देखणा फोटो.

पुढच्या सुटीला आम्ही परत गेलो. घरट्याची एक कड फाटली होती. पिल्लू एकही नव्हतं. उन्हाने मारली की कावळ्याने नेली, कोण सांगणार? समोर पडदाच उरला नव्हता, वरून कोणालाही दिसत होती. दूधराज मात्र होता. फांदीवर बसला होता, चोचीत एक पतंग धरून. तो पतंग तो कोणाला देणार होता?  त्या दिवशी प्रेमानंदने मला डोळ्याला लावलंच नाही.

पण रीळ आधीच धुवायला गेली होती. फोटो आला तो असा, की दुकानवाल्यानेच तो कारखान्याच्या छंद मंडळाच्या स्पर्धेला पाठवून दिला. पहिलं बक्षीस. रुक्माला तो फ्रेममध्ये हवा होता. प्रेमानंद फ्रेमवाल्याकडे गेला आणि म्हणाला, चारही बाजूंनी बोट-बोटभर पुठ्ठ्याखाली झाक. त्या बोटभर पट्टीत काय होतं, ते त्याला ठाऊक होतं आणि मला. कापलेल्या डहाळ्यांची चार टोकं. काळ्या फोटोत चार पांढरे ठिपके.

फोटो भिंतीवर गेला आणि मी कपाटात. कोणी विचारलं तर प्रेमानंद सांगायचा, आता रीळ मिळत नाही. मिळत होती. मी रुक्माच्या पांढऱ्या साडीच्या घडीत पडून राहिलो, डांबराच्या गोळ्यांच्या वासात. वर्षातून दोनदा, साडी बाहेर निघायची तेव्हा, मला उजेड दिसायचा. माझ्या भिंगात बुरशीची जाळी धरली. कोणी विचारणारं नव्हतं. मग रुक्मा गेली, आणि साडी बाहेर निघणंही बंद झालं.

चाळीस वर्षं, मित्रांनो. रागावलो नव्हतो मी. खटका माझाच होता ना.

आता दीक्षा. प्रेमानंदची नात, अकरावीत शिकते. आठवीपर्यंत हिची हजेरी घेतली तरी ही नुसती मान हलवायची, असं घरात बोलतात. माझा विश्वास बसत नाही, कारण मी पाहिली ती दीक्षा बोलायची थांबतच नाही. या वर्षी वादविवादात तिने घंटा वाजल्यावरही बोलणं चालू ठेवलं आणि बक्षीस घेऊन आली. त्या बक्षिसाची ढाल कपाटात ठेवायला जागा करताना तिच्या हाताला मी लागलो.

तिने मला मऊ ब्रशने पुसलं, कानात घालायच्या काडीने माझ्या खाचा साफ केल्या, मग मला घेऊन अंगणात गेली.

“आबा, हा चालते का?”

“खराब हाय तो,” प्रेमानंद म्हणाला. आता त्याला प्रेमानंद म्हणणं बरं दिसत नाही. तो अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आबा झाला आहे.

दीक्षाने खटका दाबला. खट्. चाळीस वर्षांनीसुद्धा तस्साच.

“आबा, खोटं बोलता का तुम्ही?” ती हसत म्हणाली. आबा हसले नाहीत. तेव्हापासून मी तिच्या गळ्यातला दागिना झालो. रीळ तिने मागवली होती, पण भरायची कशी ते माहीत नव्हतं, म्हणून आत रिकामाच. तरी रुबाब बघा माझा.

त्यातच संग्रहालयात वन्यजीव छायाचित्रांचं प्रदर्शन लागलं. भरवणारे होते अरुणकुमार सर, स्वतः जंगलात महिने महिने राहणारे. शहरातल्या जुन्या हौशी लोकांचे फोटो ते शोधत होते. दीक्षाच्या पप्पांनी, म्हणजे नागसेनने, आबांना न सांगता बिस्किटाच्या डब्यातल्या निगेटिव्ह त्यांना नेऊन दिल्या. बाबांना चकित करायचं होतं त्याला. रविवारी समारोपाला आबांचा सत्कार ठरला, शाल आणि मानपत्र. नागसेन रेल्वेच्या यार्डात कामाला आहे, त्याने अख्ख्या शिफ्टला सांगितलं. विहारातल्या लोकांनी गाडी ठरवली. आबा म्हणत राहिले की कशाला. लोकांना वाटलं, लाजतात.

शुक्रवारी दीक्षाची शाळा प्रदर्शन पाहायला गेली. ती मला गळ्यात घालून गेली, हे सांगायला नको. वाघ होते, बिबळे होते, चिखलात लोळणारा वनभैंसा, म्हणजे रानरेडा, होता, आणि एक पहाडी मैना, जिच्या डोळ्यात अख्खं झाड दिसत होतं. मला इतकं भरून आलं. माझी सगळी नातवंडं-पतवंडं, आजचे नवे कॅमेरे, काय काय टिपून आले होते, तेही कोसभर लांबून. दीक्षा मात्र सगळ्यांना ओढत शेवटच्या भिंतीकडे घेऊन गेली. तिथे आमचा दूधराज होता. दाराएवढा मोठा. ती मैत्रिणींना म्हणाली, हा माझ्या आबांनी काढला, आणि ह्याने काढला, आणि मला वर उचलून दाखवलं.

सगळ्या वाहवा करायला लागल्या. फक्त उत्कर्षा फोटोच्या कडेला नाक लावून उभी होती. उत्कर्षा ही दीक्षाची जिवाची मैत्रीण, तिच्या क्वार्टरसमोर गुलाबाची वीस झाडं आहेत आणि छाटणी तीच करते.

“ए दीक्षा, ये डालियाँ कटी हुई हैं. तिरछी. हम गुलाब ऐसे ही काटते हैं.”

मित्रांनो, सरांनी निगेटिव्ह पूर्ण छापली होती. पुठ्ठा नव्हता. चाळीस वर्षं झाकलेली बोटभर पट्टी आता हातभर रुंद होती आणि चार पांढरे ठिपके नाण्याएवढे.

दीक्षा म्हणाली, प्रिंट बिघडलं असेल. उत्कर्षा म्हणाली, मग विचार ना सरांना, स्टेजवर तर मोठी शेरनी होतेस. बाकीच्या तिघींनी ‘पूछ, पूछ’ लावलं. म्हणून तिने विचारलं. भर दालनात, खणखणीत आवाजात.

अरुणकुमार सर हळू बोलले, पण सगळ्यांना ऐकू गेलं. “बेटा, ये सवाल प्रिंट निकला उसी दिन से मेरे मन में है. जवाब मेरे पास नहीं है. तुम्हारे घर में है.”

परतीच्या बसमध्ये मागच्या सीटवरून कोणीतरी दोन बोटांची कात्री केली आणि कच कच आवाज काढला. हशा झाला. उत्कर्षा हसली नाही, पण थांबवलंही नाही. दीक्षाने मला दोन्ही हातांनी पोटाशी धरलं होतं.

घर भिलाईच्या रिसाली भागात. आबा अंगणात खाटेवर बसून तिवऱ्याची, म्हणजे लाखोळीची भाजी निवडत होते. दीक्षाने दप्तरही उतरवलं नाही.

“आबा, त्या फोटोतले पानं कुठं गेले?”

आबांची बोटं देठावर थांबली. मग ते म्हणाले, “उन्हाळा होता. झडले असन.”

“करंज उन्हाळ्यात हिरवा राहते, आबा. आमच्या शाळेत हाय करंज.”

आबांनी भाजीचं सुपडं बाजूला ठेवलं आणि आत निघून गेले. त्या संध्याकाळी ते जेवायला उठले नाहीत. सुजाताने, दीक्षाच्या मम्मीने, दोनदा ताट नेलं, दोनदा आणलं. काय झालं म्हणून नागसेनने विचारलं, तेव्हा दीक्षा पहिल्यांदाच आठवीतल्यासारखी गप्प बसली.

शनिवारी सकाळी आबांनी स्वतः फोटो भिंतीवरून उतरवला. मागे भिंतीवर पांढरट चौकोन उरला. त्यांनी पेचकस घेतला, दीक्षाला समोर बसवलं, फ्रेमचे खिळे एकेक करून उपटले आणि पुठ्ठा उचलला. चार ठिपके. मग त्यांनी तिला सगळं सांगितलं, मी तुम्हाला सांगितलं तसंच. कात्रीचं, घरट्याच्या फाटक्या कडेचं, पतंगाचं. नागसेन आणि सुजाता दारात उभे राहून ऐकत होते.

“चीर दिसावी म्हणून आमी सगळं साफ करत होतो, पोरी,” आबा म्हणाले. “त्याच्यानं माणसं वाचत. मले वाटलं, इथंबी तसंच हाय. दूधराजाले पानं कावून पायजे, हे मी पायलंच नाई. मले फक्त साफ दिसलं पायजे होतं.”

त्यांनी उपटलेले खिळे एका बाजूला गोळा केले.

“उद्या मी येत नाई,” आबा पुढे म्हणाले. “नागसेन, त्या सरले फोन कर. फोटो उतरवून टाका म्हणा.”

आता नागसेनला मी दोष देणार नाही, मित्रांनो. तो काय म्हणाला ते ऐका. “बाबा, तुमी सदतीस वर्षं त्या धुरात काढले. कोणी एक फूल नाई देलं तुमाले. आता लोक टाळ्या वाजवाले येऊन राहिले, आन् तुमी चार डहाळ्यांसाठी घरी बसता? कोणाले दिसते ते? शाळेतल्या पोरी सोडल्या तं कोणाले कळलंबी नाई. गुपचाप चला, शाल घ्या, फोटो घरी आणू.”  सुजाता म्हणाली, बाबांचं ब्लडप्रेशर आधीच वाढलेलं असतं, जाऊ द्या, कोणी काही बोलू नका, तब्येत बरी नाही म्हणून कळवू.

म्हणजे एक म्हणतो फोटो उतरवा, एक म्हणतो गप्प राहून शाल घ्या, एक म्हणते घरीच बसा. तिघांचं प्रेम होतं. आणि तिघांच्याही बोलण्यात कोणीतरी काहीतरी झाकत होतं.

दीक्षा मला घेऊन मागच्या पायरीवर बसली. आधी तिने उत्कर्षाला फोन लावला. मी ऐकत होतो. “तू बराबर होती,” ती म्हणाली. “आबांनीच कापले.” पलीकडून उत्कर्षाचा आवाज लहान झाला. ती म्हणाली, यार, आम्ही तर मजाक करत होतो, तू बोलू नको ना कोणाला, मी पण नाही सांगणार, किसको पता चलेगा.

“मले पता हाय,” दीक्षा म्हणाली आणि फोन ठेवला.

मग ती उठली. कपाटातून तिने रिळीची डबी काढली, आबांच्या खाटेवर जाऊन बसली आणि मला त्यांच्या मांडीवर ठेवलं.

चाळीस वर्षांनी त्या हातांचा स्पर्श मला झाला. तळवे तसेच खरखरीत. 

“रीळ कशी भरतात, आबा?”

“मले नाई भरायची.”

“आबा, फोटो उतरवला तं काय होईन? भिंत साफ दिसन. म्हणजे तुमी परत पानंच कापून राहिले ना. मंग कोणी दुसरा येईन, त्याच्याजवळबी कात्री राहीन, त्याले कोण सांगन?”

 वादविवादात बोलताना ती हात हलवते. आता हात हलत नव्हते. तिने दोन्ही हातांत त्यांची मनगटं धरली होती.

“मले शरम वाटते, पोरी,” आबा म्हणाले.

“मलेबी वाटते. काल बसमध्ये पुरी वाटली. मी राहीन ना बाजूले.”

अंगणात कोणाच्या तरी कुकरची शिटी झाली. आबांनी बराच वेळ मला उलटंपालटं केलं. सुटलेलं चामडं अंगठ्याने दाबून पाहिलं. मग त्यांनी माझी पाठ उघडली. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, पण बोटांना आठवत होतं. रिळीचं टोक खाचेत, दात्यांवर बसव, एक वेढा, पाठ बंद, खटका, खटका. मी पुन्हा भरलो, मित्रांनो. ते काय असतं हे मी कसं सांगू? पोट भरल्यासारखं म्हणू, की डोळे उघडल्यासारखं?

आता तुमच्याकडे माझं एक मागणं आहे. माझ्यासारखं जुनं काही तुमच्या कपाटात असेल तर काढा. महिन्यातून एकदा उजेड दाखवा, हवा दाखवा, खटका वाजवा. बुरशी अंधारात धरते. पण माझ्यापेक्षा जास्त काळजी घ्या माझ्यासमोर जे असेल त्याची. घरटं दिसलं तर दोन पावलं मागे व्हा. मधे पान आलं तर येऊ द्या, फोटो पानासकट काढा. तुम्हाला जे आडवं येतं, ते कोणाचं तरी छप्पर असतं. आणि तरी कधी हातून कात्री चाललीच, तर ती टोकं झाकू नका. पुठ्ठ्याखाली चाळीस वर्षं ठेवली तरी ती पांढरीच राहतात. मी पाहिलंय.

दुपारी जेवायला सगळे एकत्र बसले. आबांनी भाकरीचा पहिला तुकडा मोडला, तिवऱ्याची भाजी घेतली आणि खाल्ली. सुजाताने नागसेनकडे पाहिलं. फोन केला का सरांना, असं तिने हळूच विचारलं. नागसेन म्हणाला, जेवण झाल्यावर करतो.

दीक्षा उठून उभी राहिली. मी तिच्या गळ्यात होतो. धडधड होती, पण आता घाईची नव्हती. एकेक ठोका जागच्या जागी पडत होता.

“पप्पा, फोन मी केला, आबांले इचारून,” ती म्हणाली. “फोटो उतरणार नाई. उद्या आबा येऊन राहिले, आन् विहारातले सगळे लोकबी येतीन. शाल द्यायच्या आधी मी माइकवर जाईन आन् कालचाच प्रश्न इचारीन, पानं कुठं गेले म्हणून, आन् आबा सांगतीन. सर हो म्हणाले. फोटोखाली ते लिहून लावतीन, आबांच्या शब्दांत. ते ऐकल्यावर लोकाले शाल द्यावीशी वाटली, तं आबा घेतीन. नाई वाटली तं आमी दोघं उतईले जाऊ. करंज अजून हाय का, ते लांबूनच पाहून येऊ.”

आबांनी दुसरा तुकडा मोडला.

“आन् मम्मी,” ती म्हणाली, “आजीची पांढरी साडी काढून दे. उद्या मी ती नेसून बोलणार हाय.”